टिपकागद

धरणाच्या दरवाजाचे नट आवळणारं आमचं यंत्र घेऊन बाबलकाका चाळीस फूट खाली गेले होते. तराफ्यावरच्या कॉम्प्रेसरची हवेची नळी त्यांच्या मागोमाग पाण्यात उतरली होती. यंत्राच्या मोटरीचा डबा मी बनवलेला. आधीचे दोन पाणी शिरून गेले, तेही माझेच. म्हणून झाकण लावण्याआधी आत टिपकागद ठेवायचा, हा आमचा नेम.

मी ओणवी होऊन बुडबुडे बघत होते. पाणबुड्याचा श्वास झुबक्याने वर येतो, मग थांबतो. पण त्या झुबक्यांशेजारी बुडबुड्यांची एक बारीक रेघ होती, अजिबात न थांबणारी. म्हणजे तिसरा डबाही गळत होता.

मी ती रेघ तराफ्यावर उभ्या असलेल्या आमच्या साहेबांना दाखवली. "काम होऊ दे, मग बघू," ते म्हणाले. मी ऐकलं नाही. काकांच्या कमरेच्या दोरीला चार हिसके दिले. चार म्हणजे वर या.

काका यंत्रासकट शिडी चढून आले आणि मुखवटा काढताच करवादले, "दोनच नट उरले होते, बाई! एवढी कसली घाई?"

मी डबा मांडीवर घेऊन झाकण उघडलं. टिपकागद खडखडीत कोरडा होता. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी नजर पाण्याकडे वळवली.

ती बारीक रेघ अजून वर येत होती. डबा तर माझ्या मांडीवर होता. पाण्यात उरली होती फक्त काकांची हवेची नळी.