पाडव्याची आंघोळ

दिवाळीतल्या पाडव्याच्या पहाटे मनुबाईनं परसातला बंब पेटवला, मक्याची बुरकुंडं, म्हणजे दाणे काढलेली कणसं, जाळात सारून पाणी चांगलं कढत केलं आणि नवऱ्याची बादली भरायची सोडून स्वतःच न्हाणीत शिरून आतनं कडी घातली.

कडेगावच्या मळ्यातल्या त्या घरात लालासाहेबाच्या आधी कुणी आंघोळ करत नसे. फौजेतनं सुभेदार होऊन आलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी उजवं अंग लुळं पडलं, पण रुबाब काही लुळा पडला नाही. आत्ताही तो ओसरीत चाकाच्या खुर्चीवर उघड्या अंगानं तेल लावून बसला होता. तेल अर्थात मनुबाईनंच चोळलं होतं. पाडव्याला बायकोनं नवऱ्याला न्हाऊ घालायचं असतं, आणि लग्न झाल्यापासून तो घरी असताना तिनं एकही पाडवा चुकवला नव्हता.

आत मनुबाईनं पाटावर बसून पहिला तांब्या खांद्यावर घेतला आणि तिच्या तोंडून "आई गं" निघालं. सुखानं. पाणी मानेवरून पाठीवर गेलं, पाठीवरून कंबरेत उतरलं, आणि भांगलणीत तण काढताना वाकून वाकून आखडलेली ती कंबर चक्क सैल पडली. मग गुडघ्यांवर घेतलं. उटणं लावलं, पायाच्या बोटांच्या बेचक्यांतसुद्धा, काही घाई न करता. नंतर वाफेत नुसतीच बसून राहिली. एवढं सोपं होतं हे, आणि एवढ्यासाठी साठी उलटावी लागली, याचा तिला मनस्वी राग आला. तो कुणावर काढावा कळेना, म्हणून तिनं आणखी एक तांब्या ओतून घेतला.

"अगं ए, कुठं हाईस? गारठलो की हितं." ओसरीतनं लालासाहेबाची हाक आली.

जरा वेळानं सुनेनं, संयोगितानं, न्हाणीचं दार वाजवलं. "आत्याबाई, आबा काकडाय लागल्यात. अजून किती येळ?"

"पाणी सरंस्तवर," आतनं उत्तर आलं.

सासूच्या तोंडून असलं काही संयोगितानं कधी ऐकलं नव्हतं. ती मुकाट्यानं फराळाच्या कढईकडे परत गेली.

मनुबाई बाहेर आली तेव्हा जाळ विझत आला होता. तिनं बंबात गार पाणी ओतलं, पण बुरकुंड एकही सारलं नाही. तोटीतनं निघालं तसं पाणी बादलीत काढलं, खुर्ची ढकलत न्हाणीत आणली, रीतीप्रमाणे नवऱ्याला उटणं चोळलं आणि पाठीवर पहिला तांब्या घातला.

लालासाहेब शहारला. "कोमट हाय."

"व्हय."

"मला कढत लागतंय, तुला ठावं न्हाई व्हय?"

"ठावं हाय की. म्या लगीन झाल्यापास्नं असलंच घेतलं. तुमच्या समद्यांचं झाल्यावर उरल्यालं."

लालासाहेबाला मान वळवून मागं बघता येत नव्हतं. समोरच्या ओल्या भिंतीकडे बघतच तो म्हणाला, "मग कवा बोलली न्हाईस?"

मनुबाईनं बादलीतनं दुसरा तांब्या भरला आणि त्याच्या डोक्यावर धरला.

"डोळं मिटा," ती म्हणाली.