मर्लची साक्ष

"डॉक्टरांच्या कागदावर काय लिहिलंय ठाऊक आहे? 'तक्रार नाही.'" वकीलबाई म्हणाल्या.

अर्डिस ओशाळली. डॉक्टरांकडे गेली तेव्हा औषधाच्या दुकानात फ्लूच्या लशीची सुई खांद्यात फार वर टोचली गेली, त्याला आठच दिवस झाले होते. हात वर जात नव्हता. पण नेब्रास्कात कुणी 'कशी आहेस' विचारलं की 'तक्रार नाही' म्हणायचं, घर पेटलेलं असलं तरी. ती तेच म्हणाली, आणि नर्सनं लिहून घेतलं.

"लशीची भरपाई हवी तर दुखणं सुईनंतर दोन दिवसांत सुरू झालं हे दाखवावं लागेल. कुणी पाहिलं?"

"शुक्रवारी सुई घेतली. सोमवारपर्यंत घरात फक्त माझा नवरा होता, मर्ल."

"मग त्यांच्याकडून शपथेवर लिहून आणा."

भरपाईवर सगळं अडलं होतं. ती मिळाली तर ऑपरेशन, तरच हात, तरच तिचं बंद पडलेलं पार्लर.

सुईच्या आधी ती मर्लला कंटाळून कायमची ओमाहाला बहिणीकडे निघाली होती. पण हात गेला आणि नवरा सुधारला. दारू सुटली. तो तिचे केस विंचरायचा, बटणं लावायचा, ताटातलं मांस कापून द्यायचा. चर्चमधल्या बायका म्हणायच्या, "नशीब काढलंस गं." तिलाही ते पटू लागलं होतं.

मर्लनं जेवणाच्या टेबलावर बसून पानभर लिहिलं. बँकेत जाऊन तिथल्या नोटरीचा शिक्का मारून आणला.

"वाचू?" तिनं विचारलं.

"वाचून काय करणार? खरं तेच लिहिलंय." त्यानं पाकीट चिकटवलं.

पुढच्या आठवड्यात वकीलबाईंनी तिला एकटीलाच आत बोलावलं.

"अर्डिस, मला हा दावा लढवता येणार नाही. आणि हे वाचल्यावर दुसरा साक्षीदारही उभा करता येणार नाही." त्यांनी कागद पुढे सरकवला.

ओळखीचं अक्षर होतं. 'तिचा खांदा सुईच्या दोन महिने आधीपासून दुखतोय, माझ्या डोळ्यांदेखत ती शिडीवरून पडली होती.' अर्डिस जन्मात शिडीवर चढली नव्हती.

बाहेर मर्ल गाडी सुरू करून बसला होता. ती आत बसली.

"का लिहिलंस तसं?" तिनं विचारलं.

त्यानं वाकून तिचा पट्टा लावला, नीट ओढून पाहिला.

"तू बरी झाली असतीस ना," तो मायेनं म्हणाला.