कव्हरवरची बाई

"हे कुणाचं नाव म्हणायचं?"

मुंबईहून आलेलं पार्सल पंचाक्षरीनं आत्ताच फोडलं होतं. आतून निघालेलं रेकॉर्डचं गुळगुळीत कव्हर त्यानं मोठ्या कौतुकानं आईच्या हातात ठेवलं, तर आईनं ते वाचून हे असं विचारलं.

"तुझंच की आई. गायिका, श्रीमती गिरिजा गुरुराज हत्तरकी. केवढ्या ठळक अक्षरांत घेतलंय बघ."

फोटो मात्र कव्हरवर एका विशीतल्या पोरीचा होता. दोन वेण्या, पुढ्यात माइक, मागं सोलापूरच्या रेल्वे क्लबातला बँड, सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट घेऊन उभा. त्या बँडबरोबर मुंबईला जाऊन पोरीनं इंग्रजी नाचाची चार गाणी रेकॉर्ड केली होती, ऐकणाऱ्याचा पाय आपोआप ठेका धरील अशी. साठेक वर्षं झाली त्याला. आता एक कंपनी जुन्या जॅझ आणि स्विंगच्या अशा विसरलेल्या रेकॉर्डी शोधून, त्यांची खरखर काढून, परत छापत होती. मूळ रेकॉर्डवर नाव होतं कुमारी सिद्धेश्वरी. कंपनीनं घरच्यांना विचारलं, नाव बरोबर आहे ना. घरच्यांनी, म्हणजे पंचाक्षरीनं, ते 'दुरुस्त' करून पाठवलं. आईला विचारायची त्याला गरजच वाटली नाही.

"हे माझं नाव न्हाय," सिद्धेश्वरीबाई म्हणाल्या.

"म्हणजे? आधार कार्डावर हेच हाय. बँकेत हेच हाय."

"रेकॉर्डवर नव्हतं."

"अगं ते माहेरचं, लग्नाआधीचं. ते छापलं तर आपल्या घरातली बाई म्हणून लोकांना कळणार कसं?"

आलं पोटातलं ओठावर. सिद्धेश्वरीबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. आपल्या घरातली बाई म्हणे. ह्याच घरात लग्नाच्या दिवशी गुरुराजनं ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'गिरिजा' लिहिलं आणि बायकांनी टाळ्या पिटल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ही नवी गिरिजा चुलीपाशी सहज गुणगुणायला लागली, तर सासऱ्यांनी बाहेरच्या सोप्यातूनच खाकरून विचारलं, हे घर हाय का क्लब? नवरा तिथंच बसून चहा पीत होता. त्यानं बशीतून मान काही वर काढली नाही.

"रविवारी समाजाच्या हॉलमध्ये सत्कार ठेवलाय," पंचाक्षरीचं चालूच होतं. "बाबांचा फोटो मधोमध, शेजारी तुझी खुर्ची. बाबांच्या पाठिंब्यामुळं तुझी कला फुलली, असं मी भाषणात घेतलंय."

"तुझ्या बापानं पाठिंबा दिला?"

"आई, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये."

"मी कुटं बोलले? तूच खोटं बोलाय लागलास. फोन लाव त्या कंपनीला. नाव बदला म्हणावं."

"मी लावणार न्हाय." पंचाक्षरीचा आवाज चढला. "हा नमुना हाय. आपण हो म्हटलं की उद्या छपाई सुरू. पत्रिका वाटून झाल्यात. चार लोकांत माझं हसं करू नकोस. ह्या वयात नावाचं काय घेऊन बसलीस?"

"मी कुटं बसले? माझं काढून तुझ्या बापाचं लावलंस ते तूच."

तेवढ्यात फोन वाजला. कंपनीच्या ऋतुजा मॅडमचाच होता. पार्सल पोचल्याचं त्यांना कळलं असावं. पंचाक्षरीनं स्पीकर चालू केला आणि आईकडं डोळे वटारून दबक्या आवाजात म्हणाला, "नुसतं हो म्हण."

"आजी, कव्हर आवडलं का? नाव वगैरे बरोबर आहे ना?"

"सगळं एकदम बरोबर आहे मॅडम," पंचाक्षरी म्हणाला.

"बाई चुकीची छापलीय तुमी," सिद्धेश्वरीबाई म्हणाल्या.

ऋतुजा मॅडम गोंधळल्या. "म्हणजे? गाणी तुमचीच आहेत ना?"

"गाणी सिद्धेश्वरीची हायत. गिरिजा हत्तरकीला गाता येत न्हाय."

पंचाक्षरी ओढूनताणून हसला. "वय झालंय हो त्यांचं. विसरतात, काहीही बोलतात. दोन्ही एकच. तुम्ही छापा बिनधास्त."

पोटच्या पोरानं त्यांना तोंडावर वेडी ठरवलं. सिद्धेश्वरीबाईंना वाटलं, कव्हर टराटरा फाडावं. पण त्यावर ती दोन वेण्यांची पोर होती. त्यांनी कव्हर मांडीवर नीट ठेवलं.

"मग प्रश्नच मिटला," ऋतुजा मॅडमला हायसं वाटलं. "सर, कव्हरच्या मागच्या बाजूला थोडी जागा उरलीय. तिथं मुलाची एक आठवण घेऊ या. लहानपणी आई घरात काय गायच्या, असं काहीतरी."

पंचाक्षरी सांगायला पुढं सरसावला.

"सांग की," आई म्हणाली.

तो आठवत राहिला. दिवाळी आठवली, श्रावणातले सोमवार आठवले, भाकरी थापतानाची आई आठवली. सगळीकडं आई होती. आवाज कुठंच नव्हता.

"साधं काहीही चालेल सर. निदान अंगाई?"

त्यानं आईकडं बघितलं. सिद्धेश्वरीबाई त्याच्याचकडं बघत होत्या. सावरून घ्यायचा त्यांचा काही विचार दिसत नव्हता.

"नाही," तो शेवटी म्हणाला. "घरात मी आईला गाताना कधी ऐकलंच नाही."

"लिहून घ्या मॅडम," सिद्धेश्वरीबाई म्हणाल्या. "हे मागं छापा. आणि पुढं माझं नाव."