आठशे पाचच्या टाचा

"नाव काय ठेवायचं, काकू?" राउटर बसवायला आलेल्या माणसाने विचारलं.

तेवढ्यात वरून आलं. धप्. धप्. धप्.

मिओकने छताकडे पाहिलं. जेवणात झुरळ निघाल्यावर माणूस ताटाकडे पाहतो, तसं. "कसलं नाव?"

"नेटचं. मोबाइलच्या यादीत दिसतं ना, ते. कोणी आडनाव ठेवतं, कोणी कुत्र्याचं नाव."

"मग लिही. 'आठशे पाच, टाचा आपटू नका.'"

माणूस हसला नाही. कोरियातल्या बुचन शहराच्या या इमारतींमध्ये त्याने याहून घाणेरडी नावं लिहून दिली होती. तरी म्हणाला, "आजूबाजूच्या सगळ्या घरांत दिसेल हं हे. तुमचा राउटर दणकट आहे."

"दिसू दे की! लाज तरी वाटेल मेल्यांना."

राउटर खरं तर घेतला होता हेजूसाठी. एकुलती एक पोर, नोव्हेंबरात कॉलेजप्रवेशाची परीक्षा, आणि सगळा अभ्यास नेटवरच्या तासांवर. तिची खोली पार टोकाला, मध्ये दोन सिमेंटच्या भिंती. शिकवता शिकवता सर तोंड उघडं टाकून थांबायचे आणि चक्र फिरत राहायचं. ते चक्र पाहिलं की मिओकचा जीव खालीवर व्हायचा. बाकीच्या पोरी पुढे चालल्यात आणि आपली चक्र बघत बसलीय! दुकानदाराने साधा राउटर दाखवला, म्हणाला, एवढ्या घराला हा पुरेल. मिओक म्हणाली, "पुरेल नको, पुरून उरेल असा दे." मग सहा शिंगांचा हा राक्षस घरी आला. त्या माणसाने तो घरातल्या बोळात, हेजूच्या दाराबाहेर उंचावर टांगला आणि मोबाइल घेऊन घरभर फिरला. न्हाणीघरातसुद्धा रेंज भरभरून. त्या दिवसापासून हेजूचा तास एकदाही अडकला नाही.

आता घाण उरली ती फक्त वरची. आठशे पाचवाल्यांचा मिओकला मनस्वी वीट आला होता. त्यांच्या सिगारेटचा धूर न्हाणीघराच्या झरोक्यातून खाली यायचा. त्यांच्या गॅलरीत सुकत घातलेल्या माशांचा वास तिच्या धुतलेल्या चादरींना लागायचा. आणि वर हे धपधप. शी! माणसं कसली, गुरं. गोठ्यातून उठून थेट आठव्या मजल्यावर आली होती.

लिफ्टमध्ये शेजारी मोबाइल बघून गालात हसू लागले. आठशे पाचची बाई पोराचा हात धरून खाली मान घालून उभी राहायची. मिओकला गार वाटायचं. पण आवाज थांबला नाही. उलट नवा राउटर लागल्यापासून वाढलाच. आधी अधूनमधून यायचा, आता दुपारी सुरू झाला की संध्याकाळपर्यंत चालूच. सूड उगवतायत! मिओकने नाव बदललं. 'आठशे पाच म्हणजे गोठा.'

"तुला त्रास होतो ना गं त्या धपधपीचा?" तिने जेवताना हेजूला विचारलं.

"कसली धपधप?" हेजू भात चिवडत म्हणाली.

हेडफोन लावून पोर कशी तग धरून आहे, या विचाराने मिओकला भरून आलं. तास चालू असताना हेजूचं दार उघडायचं नाही, असा घरचा नियम होता. मिओक नासपतीच्या फोडी बशीत घालून दाराबाहेर ठेवायची. हल्ली त्या तशाच काळ्या पडून परत यायच्या. त्या मेल्यांनी पोरीची भूकसुद्धा मारली.

मग एका दुपारी तिचं डोकंच फिरलं. कोबीला मसाला चोळता चोळता उठली आणि तशीच लालभडक हातांनी जिना चढली. आठशे पाचची बेल वाजवली. दारावर थापा मारल्या. कोणी उघडेना. तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि हातात बॅग, कडेवर झोपलेलं पोर घेऊन तीच बाई बाहेर आली.

"दार उघडा!" मिओक ओरडली. "कोण नाचतंय आत, बघू दे मला!"

बाईने मुकाट्याने दार उघडलं. आत पडदे ओढलेले, सगळीकडे अंधार. जमिनीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाड गाद्या अंथरलेल्या.

"परवापासून घर बंद आहे, हेजूची आई. गावी गेलो होतो."

धप्. धप्.

दोघींनी खाली पाहिलं.

"म्हणजे, हे तुम्ही नाही?" बाईने विचारलं. "आम्हाला वाटायचं, तुम्हीच झाडूच्या दांड्याने छत ठोकताय. म्हणून तर या गाद्या. पोराला घरात धावूसुद्धा देत नाही हो आम्ही."

खाली घरात हेजूशिवाय कोणी नव्हतं. मिओक जिना उतरायला लागली. उतरताना भिंतीला धरलेल्या हाताला तो आवाज लागत होता, एकेका पायरीला जास्त.

तिने नियम मोडला आणि हेजूचं दार उघडलं.

पडद्यावर सर दुप्पट वेगाने बोलत होते. हेजू कानाला हेडफोन लावून भिंतीपाशी बसली होती. तिने डोकं मागे घेतलं आणि कपाळ भिंतीवर आपटलं. परत मागे घेतलं. मिओकने धावत जाऊन मध्ये हात घातला. कपाळ तळव्यावर येऊन आदळलं.

हेजूने हेडफोन काढले. आईच्या हातावरची मिरची तिच्या कपाळाला लागली होती, पण तिला ती झोंबल्याचं दिसलं नाही.

"आई, पूर्वी तो तास मध्येच अडकायचा ना," ती म्हणाली, "तेवढीच मला सुट्टी मिळायची."