उत्तरेचा पाहुणा

पिंडाला कावळा शिवेना.

चिंचेवर कावळ्यांना तोटा नव्हता, पण एक खाली उतरेल तर शपथ. रायापूरपलीकडच्या तळ्याकाठी अप्पांच्या दहाव्याला जमलेली माणसं उन्हाने हैराण झाली होती. आता ती कुजबुजायला लागली. कुजबूज आपल्याबद्दलच आहे, असं वेंकटेशला वाटलं. तसं त्याला नेहमीच वाटायचं. भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक नुसतं हसलं, तरी हा आधी वजनकाटा तपासायचा.

"अप्पांची काही इच्छा राहिली असेल," बाळाचार्य म्हणाले. "बोला, यजमान."

वेंकटेश हात जोडून बोलला. आईला अंतर देणार नाही. दुकानाची पाटी अप्पांच्याच नावाची राहील. कावळे ढिम्म. आईने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. हिला कुणी सांगितलं की काय? त्याची नजर बायकोकडे वळली.

शेवटच्या दिवसांत अप्पांनी एकच धोशा लावला होता, शालीला बोलवा. ते ऐकायला खोलीत फक्त तो आणि बायको, कुसुम. त्याची धाकटी बहीण शालिनी काही परदेशात नव्हती, इथंच कमरीपेठेत राहायची. पण घरच्यांना न विचारता तिने लग्न केलं होतं, आणि आता आली तर वाटणी मागायलाच येईल, हे वेंकटेशने धरून ठेवलं होतं. अप्पा गेले त्या दिवशी ती दारात येऊन उभी राहिली. त्याने तिला उंबरठा ओलांडू दिला नाही. तेव्हापासून त्याला धड झोप नव्हती, पण कबूल करेल तर ना!

कुसुमचं पिंडाकडे लक्षच नव्हतं. ती तळ्यापलीकडच्या मोबाइल टॉवरकडे टक लावून बघत होती. कोण आहे तिथे? शालिनीची माणसं? एरवी कुसुम रोज सकाळी दुर्बीण घेऊन तळ्यावर यायची, पाखरं बघायला म्हणे. थंडीला आलेली पाखरं चैत्राच्या सुमाराला परत उत्तरेला निघतात, हे ती वाढता वाढता सांगायची. "हंस गेले, परीट पक्षी गेले," गेल्या महिन्यात ती म्हणाली होती, "एक पाहुणा मात्र अजून हलत नाही." कोण हा पाहुणा, याचाच वेंकटेशला तेव्हा घोर लागला होता.

"दर्भाचा कावळा करू," बाळाचार्य कानडी मिसळत म्हणाले. "नडीतद, चालतंय शास्त्राला."

वेंकटेशचा जीव भांड्यात पडला. गवताचा कावळा कुणाची इच्छा विचारत नाही.

आचार्यांनी दर्भ वळायला घेतला, तोच कुसुम झटकन पुढे आली.

"थांबा की, आचार्य. अहो, आत्ता बोला. वन्संना फोन लावा."

"आत्ता?"

"आत्ताच. मग उपयोग नाही."

सगळे बघत होते. आई बघत होती. वेंकटेशने फोन लावला.

"शाली," तो म्हणाला, आणि त्याला रडूच कोसळलं. "अप्पा तुझंच नाव घेत होते गं. मीच तुला आत येऊ दिलं नाही. ये. तळ्यावर ये."

पलीकडे हुंदका फुटला. "आले, अण्णा. निघालेच."

चिंचेवरून एक कावळा उतरला. मागोमाग दुसरा. पिंडाला चोच लागली तशी आई मोठ्याने रडू लागली, आणि माणसांनी हात जोडले.

गर्दी पांगल्यावर वेंकटेशने डोळे पुसले. मन हलकं झालं होतं, पण सवय कुठे जाते? त्याने कुसुमला बाजूला घेतलं.

"आत्ताच शिवणार, हे तुला कसं कळलं?"

कुसुमने मान खाली घातली. "टॉवरवर ससाणा बसला होता. उत्तरेचा पाहुणा, थंडीभर इथंच होता. तो वर असताना कुठला कावळा उतरतोय? तो उडाला, तेव्हाच तुम्हाला म्हटलं."

म्हणजे फोन केला नसता, तरी कावळा शिवलाच असता. जन्मभरात वेंकटेशचा हा पहिलाच संशय खरा निघाला होता.

रस्त्यावर रिक्षा थांबली. शालिनी उतरली आणि चपला तिथेच सोडून तळ्याकडे धावत सुटली.

वेंकटेश कुसुमच्या कानाशी वाकला.

"हे तिला कधीच सांगू नको," तो म्हणाला. "अप्पांनीच बोलावलं, असं राहू दे."