औषधाची सावड

हे लिहिणारच नव्हतो. कागद टाइपमशीनवर चढवला अन् दोनदा काढून फेकला. श्रावण अन् प्रेमदास दोघंही आमच्या रोहण्याचे. त्यांचं दुखणं चव्हाट्यावर कशाला मांडायचं? पण गावात लोक अजून औषधाची तशीच वाटणी करून राह्यले, म्हणून लिहितो.

"प्रेमदासला आम्ही अजून एकही गोळी दिली नाही," डॉक्टर म्हणाले. "मग त्याच्या जंतूंना गोळीची सवय कशी?"

वर्ध्याचा क्षयाचा दवाखाना. बाकावर दोघं. श्रावण कित्येक महिन्यांपासून औषध नेत होता, एक मोठी गोळी अन् एक लहान. प्रेमदासचा नंबर आत्ता लागला होता. दोघांचा बेडका तपासायला नागपूरला पाठवला होता. श्रावणच्या जंतूंवर मोठी गोळी चालेनाशी झाली होती. प्रेमदासच्या जंतूंवर लहान.



"सांग ना बे," प्रेमदास खोकत श्रावणला म्हणाला. "आता काऊन लपवतं?"

श्रावणनं सांगितलं. दोघांजवळ एक-एकच बैल. एका बैलानं वखर ओढला जात नाही, म्हणून दोघांची सावड. दोन्ही बैल एका जूला. एक दिवस याचं वावर, एक दिवस त्याचं. बापाच्या वेळेपासून असंच. श्रावणला दवाखान्यातून दोन तऱ्हेच्या गोळ्या मिळू लागल्या, तेव्हा प्रेमदासच्या थुंकीतही रक्त येत होतं. पण दवाखान्यात त्याचा नंबर लागला नव्हता, म्हणून त्याला औषध कोणी देईना. श्रावणनं पुड्या सोडल्या अन् वाटणी केली. लहान गोळी गिळायला सोपी, ती मित्राला. मोठी कडू, एका वेळी मूठभर खा, मग दिवसभर पोटात ढवळत राहा. ती स्वतःला.

त्याची बायको शोभाबाई कुरकुरली होती. "चांगली तेवढी देऊन टाकली तुम्ही."

"देताना चांगलंच द्या लागते," श्रावण म्हणाला होता.

प्रेमदासचा ताप उतरला. भूक लागली. अंगावर मांस आलं. पोळ्याला दोन्ही बैल त्यानंच सजवले. दिवाळीच्या आत ताप परत आला. दोघांनाही.

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. रागावायचंही त्राण त्यांच्यात दिसत नव्हतं.

"श्रावण, एका बैलानं वखर चालतो?"

"नाई साहेब. म्हून तं सावड करतो."

"मग ही जोडी कशी फोडलीस? फुप्फुसात लाखो जंतू असतात. त्यात एखादा असा निघतोच, की लहान गोळी त्याला मारत नाही. त्याला मोठी मारते. मोठीला जो पुरून उरतो, त्याला लहान मारते. दोन्ही सोबत असल्या की कोणी सुटत नाही. तुम्ही वेगळ्या केल्या. बाकीचे मेले, ते एक-दोन सुटले. आता छातीत त्यांचीच पिलावळ आहे."

प्रेमदासला हसू आलं, अन् हसता हसता खोकला. "म्हंजे लेका, माही गोळी तुह्यावर चालते अन् तुही माह्यावर."

श्रावणनं मान वर केली. "मंग बदलून घेऊ ना, साहेब."

"म्हणजे जी चालते तीही वाया घालवाल. एकटी कोणतीच गोळी द्यायची नाही. आता रोज स्ट्रेप्टोमायसिनची सुई, अन् सोबत जी चालते ती गोळी. त्यासाठी इथं राहावं लागेल. खाट एकच रिकामी आहे. तुझी."

"अन् प्रेमदास?"

"खाट मिळेतोवर काही नाही."

"मोठ्या गोळ्या तं हाय ना तुमच्याजवळ?"

"आहेत. एकट्या देऊ?"

श्रावण हळूच म्हणाला, "एक दिवस सुई मले, एक दिवस त्याले. आमची सावड हायेच तशी."

"दिवसाआड दिली तर दोघांचेही जंतू सुटतील," डॉक्टर म्हणाले. प्रेमदास उठला.

"नाई," तो म्हणाला अन् बाहेर निघाला.

श्रावण त्याला मोटारीपर्यंत सोडायला गेला. रोहण्यावरून जाणारी आर्वीची मोटार भरत होती. प्रेमदासला चालताना दम लागत होता. तो थांबत होता, श्रावणही थांबत होता.

"तुहा बैल माह्या कोठ्यात बांधतो," प्रेमदास म्हणाला. "वखरणीची चिंता नको करू. शोभावहिनीले सांगतो सगळं."

श्रावणनं धोतराचा सोगा सोडला. त्यात पुडी होती. घरून आणलेल्या, उरलेल्या मोठ्या गोळ्या.

प्रेमदासनं पुडीकडे पाहिलं. या गोळ्या त्याच्यावर चालणाऱ्या होत्या. ते त्यानं आत्ताच ऐकलं होतं. त्याचा हात पुढे आला. पुडीपाशी थांबला. मग त्यानं श्रावणचीच मूठ तिच्यावर मिटवली.

"खाट भेटली की येतो. तोवर देऊ नको," तो म्हणाला. "मी मांगलं तरी."

मोटारवाला ओरडत होता. प्रेमदास पायरीवर चढला अन् तिथंच वळून उभा राहिला. उत्तर घेतल्याशिवाय तो आत जाणार नव्हता.

श्रावणनं पुडी परत सोग्यात बांधली. गाठ दोनदा मारली.

"तू मांगलं तरी नाई देणार, प्रेमदास."