डब्यातली बटणं

टण्ण.

"आठ," कॉफीच्या रिकाम्या डब्यात बटण टाकत क्लीटस म्हणाला. अडखळून 'अं' केलं की एक बटण, असा नियमच होता. "चार मिनिटांत आठ! वेंडेल, लेका, बोर्डापुढे बोलायला जाणार आहेस की कण्हायला?"

तुरुंगाच्या ग्रंथालयात दर गुरुवारी भरणाऱ्या भाषण मंडळातले बाकीचे कैदी खो खो हसले.

अकरा वर्षांपूर्वी दारूच्या नशेत त्याने ट्रकखाली एका सायकलवाल्या पोराचा जीव घेतला होता. पोराचं नाव टोबी. आता बारा दिवसांनी, मंगळवारी वेंडेलच्या सुटकेचा अर्ज पॅरोल बोर्डापुढे येणार होता. बाहेर, ओहायोतल्या घरात, त्याची एक्याऐंशी वर्षांची आई एकटी होती. फोनवर ती दर वेळी सांगायची, "तुझ्या खोलीला रंग दिलाय रे." नकार मिळाला तर पुढची संधी तीन वर्षांनी. तेवढी वर्षं तिच्या हाताशी नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

वेंडेलची गाडी नेमकी टोबीच्या नावापाशी अडायची. डोळे भरून यायचे आणि पुढचा शब्दच फुटायचा नाही.

"मास्तर, नाही जमत मला."

"न जमायला काय झालं?" क्लीटस म्हणाला. त्याला मास्तर म्हणत ते उगाच नाही. त्याच्या भाषणात कधी एक बटण पडलं नव्हतं, आणि बोर्डापुढे तो तब्बल पाच वेळा बोलून आला होता. एवढा अनुभव तिथे दुसऱ्या कोणाच्या गाठीशी होता? "ते नाव शंभरदा म्हण. घासून घासून गुळगुळीत कर. आवाज कापरा झाला की संपलं."

वेंडेलने शंभरदा म्हटलं. जेवणाच्या रांगेत म्हटलं, धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालताना म्हटलं. शेवटच्या तालमीला डबा एकदाही वाजला नाही. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

मंगळवारी समोर बोर्डाचे तिघे आणि बाजूला टोबीची आई. वेंडेल बरोबर चार मिनिटं बोलला. टोबीचं नाव सरळ आलं आणि सरळ गेलं. ती बाई पुढे वाकून त्याच्या तोंडाकडे बघत होती, कशाची तरी वाट पाहत असल्यासारखी. मग ती मागे टेकून बसली.

शुक्रवारी कागद आला. वेंडेलने तो मास्तरांपुढे धरला.

"वाचा. आईला... अं... आईला काय सांगू मी?"

क्लीटसने चष्मा चढवला. 'अर्ज नामंजूर. बोलणे सफाईदार, पाठ केलेले. पश्चात्ताप आढळला नाही.'

त्याने कागदाची घडी घालून वेंडेलला परत दिली.

"माझ्या पाचही कागदांवर हेच लिहिलंय," तो हळूच म्हणाला. "मला वाटायचं, माझी तयारी कमी पडतेय."